मिश्र वापराचे मोटारसायकल टायर

मिश्र वापराचे मोटारसायकल टायर म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालविण्यासाठी बनविलेले टायर होत. बाजारात ते ट्रेल टायर, ॲडव्हेंचर टायर, ड्युअल-स्पोर्ट टायर किंवा ऑन-ऑफ टायर या नावांनी विकले जातात. ठळक ठोकळ्यांची नक्षी असलेल्या टायरला बोलीभाषेत ‘बटन टायर’ असेही म्हणतात. ट्रेल व ॲडव्हेंचर प्रकारच्या मोटारसायकलींना असे टायर कारखान्यातूनच बसविलेले असतात.

दोन्ही प्रकारच्या जमिनीवर सारखाच उत्तम चालणारा टायर अस्तित्वात नाही. चिखलात पकड देणारी नक्षी डांबरावर लवकर झिजते आणि ओल्या डांबरावर थांबण्यासाठी अधिक अंतर घेते. डांबरावर दीर्घकाळ टिकणारी नक्षी चिखलात काही मीटरांतच भरून गुळगुळीत होते. त्यामुळे टायरची निवड ही प्रत्यक्षात वापराचे प्रमाण, जमिनीचा प्रकार, ऋतू, वाहनावरील भार आणि चाकाचा आकार यांच्या मेळाचा प्रश्न ठरते. महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशात हा प्रश्न विशेष तीव्र होतो, कारण तेथे एकच वाट उन्हाळ्यात दगडासारखी कठीण आणि पावसाळ्यात निसरडी व चिकट असते.

प्रकार

मिश्र वापराच्या टायरांचे वर्गीकरण सामान्यतः डांबरी आणि कच्च्या वापराच्या प्रमाणावरून करतात. हे प्रमाण ९०/१०, ७०/३०, ५०/५० अशा जोड-आकड्यांनी सांगितले जाते. पहिला आकडा डांबरी वापराचा आणि दुसरा कच्च्या वापराचा असतो. हे आकडे कोणत्याही प्रमाणित चाचणीतून आलेले नसून उत्पादकाने सुचविलेला उपयोग दर्शवितात. त्यामुळे दोन उत्पादकांचे ५०/५० टायर एकमेकांहून बरेच वेगळे असू शकतात.

* डांबरप्रधान टायर (सुमारे ९०/१० ते ८०/२०): रुंद, एकमेकांजवळ असलेले ठोकळे व उथळ खाचा. कोरडा मुरूम आणि खडीचा रस्ता यांवर चालतात; चिखलात निरुपयोगी ठरतात.
* समतोल टायर (सुमारे ६०/४० ते ५०/५०): मध्यम आकाराचे, सुटे ठोकळे. सैल माती, मुरूम व हलका चिखल यांत उपयोगी.
* मातीप्रधान टायर (सुमारे ३०/७० ते १०/९०): उंच व विरळ ठोकळे. चिखल व वाळू यांत उत्तम पकड. डांबरावर आवाज, कंप आणि जलद झीज.

पूर्णतः मैदानी शर्यतींसाठी बनविलेले मोटोक्रॉस टायर या वर्गात येत नाहीत. त्यांपैकी अनेक टायरांवर सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये अशी सूचना छापलेली असते.

इतिहास

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. ते व्यवहारात रुजले नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे सायकलीसाठी असा टायर पुन्हा शोधून काढला आणि त्यानंतर त्याचा प्रसार झाला. सुरुवातीच्या मोटारसायकली मुख्यतः कच्च्या रस्त्यांवरच चालत असल्याने ‘रस्त्याचा’ आणि ‘मातीचा’ असा भेद टायरांत नव्हता. पक्के रस्ते वाढले, वेग वाढला आणि दुसरीकडे इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकात स्क्रॅम्बल नावाच्या मैदानी शर्यती सुरू झाल्या, तेव्हा दोन्ही प्रकारचे टायर वेगळे होत गेले.

१९६८ मध्ये आलेली यामाहाची डीटी-१ ही हलकी मोटारसायकल रस्ता व पायवाट या दोन्हींसाठी असलेल्या वाहनांच्या लाटेतील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. पहिली पॅरिस–डाकार रॅली डिसेंबर १९७८ मध्ये सुरू झाली आणि १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही मोठ्या इंजिनाची मोटारसायकल आणली. जड वाहन, दीर्घ पल्ला आणि वाळू-दगड यांचा एकत्र भार सोसणाऱ्या टायरांची गरज येथून निर्माण झाली. भारताचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत.

भारतात २०११ मध्ये हिरोची इम्पल्स, २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ मध्ये हिरोची एक्सपल्स २०० आणि २०२० मध्ये पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर या मोटारसायकली बाजारात आल्या. त्यांच्यामुळे २१ आणि १९ इंची पुढच्या चाकांचे टायर देशांतर्गत उत्पादक बनवू लागले. या उत्पादकांपैकी सिएट या कंपनीचा आरंभ १९२४ मध्ये इटलीतील तुरीन येथे झाला. भारतातील कंपनी १९५८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिचे कारखाने महाराष्ट्रात नाशिक व नागपूरजवळील बुटीबोरी येथेही आहेत.

रचना

नक्षी

जमिनीला टेकणाऱ्या जाड रबरी थरावरील ठोकळे आणि खाचा मिळून नक्षी तयार होते. बोलीत तिला टायरची ‘ग्रीप’ म्हणतात. कठीण पृष्ठभागावर पकड ही रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. म्हणून तेथे जितके अधिक रबर टेकेल तितके चांगले. मऊ जमिनीत मात्र ठोकळे मातीत रुतून तिला मागे ढकलतात आणि पकड मातीच्या स्वतःच्या मजबुतीवर अवलंबून राहते. त्यामुळे तेथे ठोकळ्यांची उंची व त्यांमधील अंतर महत्त्वाचे ठरते.

चिखलात खाचांचे दुसरे काम म्हणजे स्वतः साफ होणे. चाक फिरताना खाचेतील माती बाहेर फेकली जाते. खाच अरुंद असेल किंवा माती फार चिकट असेल तर ती तेथेच अडकते आणि टायरवर मातीचा गुळगुळीत थर चढतो. मग मूळ नक्षी कितीही चांगली असली तरी जमिनीला माती टेकते, रबर नव्हे.

भारतातील अनेक साध्या मोटारसायकलींच्या पुढच्या टायरवर परिघाला समांतर धारा असतात. अशी ‘रिब’ नक्षी डांबरावर सरळ व स्थिर चालते आणि झिजतेही कमी. चिखलात तिच्या लांबट खाचा भरल्या की चाकाला दिशा देणारी कोणतीही आडवी कड उरत नाही; हँडल वळविले तरी वाहन सरळ घसरत जाते.

रबर

मऊ रबर पकड अधिक देते पण लवकर झिजते. कठीण रबर याच्या उलट. रबरात मिसळलेले कार्बन ब्लॅक झीज कमी करते, तर सिलिका ओल्या रस्त्यावरील पकड सुधारते. उंच ठोकळे डांबरावर चालताना प्रत्येक फेऱ्यात वाकतात व सरळ होतात. या हालचालीने उष्णता निर्माण होते आणि ठोकळ्यांच्या कडा एका बाजूने झिजतात. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर हा परिणाम वाढतो.

बायस आणि रेडियल

टायरच्या सांगाड्यातील धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत असतील तर त्यास बायस, आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काटकोनात जात असतील तर रेडियल टायर म्हणतात. बायस टायरच्या बाजूच्या भिंती ताठ असतात, दगडांचा मार सोसतात आणि किंमतही तुलनेने कमी असते. रेडियल टायर वेगात कमी तापतो, म्हणून तो जड व वेगवान मोटारसायकलींवर आढळतो. कमी क्षमतेच्या ट्रेल मोटारसायकलींवर बायस टायर अधिक प्रचलित आहेत.

ट्यूब असलेले आणि ट्यूबविरहित

आऱ्यांच्या म्हणजे स्पोकच्या चाकात आऱ्यांच्या छिद्रांतून हवा निसटत असल्याने सामान्यतः ट्यूब वापरावी लागते. आऱ्यांचे चाक दगडाच्या आघाताने वाकले तरी सहसा सरळ करता येते. ओतीव मिश्रधातूचे चाक तडकण्याची शक्यता असते. ट्यूबविरहित टायरला काटा लागल्यास हवा हळूहळू जाते आणि चाक न काढता रबरी पट्टी भरून छिद्र बंद करता येते. ट्यूब असलेल्या टायरची हवा एकदम जाऊ शकते, परंतु टायरची कड वाकली किंवा बाजू फाटली तरी नवी ट्यूब घालून वाहन पुढे नेता येते. काही आधुनिक चाकांत आरे रिमच्या कडेला जोडून ती ट्यूबविरहित केलेली असतात.

टायरवरील खुणा

टायरच्या बाजूवर रोमन लिपीत व आंतरराष्ट्रीय अंकांत माहिती कोरलेली असते. उदाहरणार्थ, ‘९०/९०-२१ ५४ एस’ या खुणेचा अर्थ पुढीलप्रमाणे लागतो.

* ९०: टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये.
* ९०: बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. येथे ८१ मिलिमीटर.
* आडवी रेघ: बायस रचना. तिच्या जागी ‘आर’ असल्यास रेडियल.
* २१: रिमचा व्यास इंचांत.
* ५४: भारांक. ५४ म्हणजे कमाल २१२ किलोग्रॅम. ६० चा भार २५०, ६४ चा २८० आणि ६६ चा ३०० किलोग्रॅम असतो.
* एस: वेगमर्यादेचे अक्षर. ‘जे’ ताशी १००, ‘एल’ १२०, ‘पी’ १५०, ‘एस’ १८० आणि ‘एच’ २१० किलोमीटर दर्शविते.

जुन्या पद्धतीत ‘२.७५-१८’ असे लिहितात. त्यात रुंदी इंचांत असते. यांखेरीज ट्यूब लागते की नाही हे दर्शविणारी अक्षरे, फिरण्याच्या दिशेचा बाण आणि उत्पादनाचा काळ सांगणारा चार अंकी आकडाही असतो. त्याचे पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘३२२३’ म्हणजे २०२३ चा ३२ वा आठवडा. ‘एम + एस’ ही खूण चिखल व बर्फ यांसाठीच्या नक्षीची आहे. ती प्रत्यक्ष चिखलातील क्षमतेची हमी नसते. भारतात दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरांना आयएस १५६२७ हे भारतीय मानक लागू असून त्यांवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे.

चाकाचा आकार

मोठ्या व्यासाचे पुढचे चाक खड्डा, दगड किंवा चाकोरीची कड सहज ओलांडते, कारण अडथळ्याशी त्याचा कोन कमी तीव्र असतो. म्हणून मातीकडे कल असलेल्या मोटारसायकलींचे पुढचे चाक २१ इंची असते. डांबराकडे कल असलेल्यांचे १९ इंची असते. त्यामुळे वळण घेताना वाहन अधिक चपळ वाटते. हिमालयनच्या २०१६ च्या मॉडेलला पुढे ९०/९०-२१ व मागे १२०/९०-१७, एक्सपल्स २०० ला पुढे ९०/९०-२१ व मागे १२०/८०-१८, तर ३९० ॲडव्हेंचरला पुढे १००/९०-१९ व मागे १३०/८०-१७ या मापाचे टायर दिलेले होते.

मूळ मापापेक्षा वेगळा टायर बसविताना एकूण व्यासाचा हिशेब करावा लागतो. १२०/९०-१७ टायरचा व्यास स्थूलमानाने ६४८ मिलिमीटर, तर १३०/८०-१७ चा ६४० मिलिमीटर येतो. म्हणजे टायर रुंद होऊनही चाक सुमारे १.२ टक्के लहान होते आणि जमिनीपासूनची उंची ४ मिलिमीटरने घटते. रुंद टायर मागील फाट्याला किंवा साखळीला घासणार नाही एवढी मोकळी जागा आवश्यक असते. चिकट मातीच्या प्रदेशात ही जागा नेहमीपेक्षा अधिक लागते, कारण टायरबरोबर त्यावर चढलेला मातीचा थरही तेथून फिरणार असतो.

हवेचा दाब

हवेचा दाब बोलीत ‘पौंडां’त सांगतात, त्याचे मूळ एकक पौंड प्रति चौरस इंच हे आहे. मागील चाकावर १५० किलोग्रॅम भार आणि ३० पौंड दाब असेल तर जमिनीला टेकणारे क्षेत्र ढोबळमानाने ७१ चौरस सेंटिमीटर होते. दाब २० पौंडांवर आणल्यास ते सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजेच दाब एक तृतीयांशाने कमी केल्यास क्षेत्र दीडपट वाढते आणि मऊ जमिनीत चाक कमी रुतते.

दाब कमी करण्याला मर्यादा आहेत. दाब फार कमी झाल्यास दगडावर आदळताना रिम वाकते आणि ट्यूब रिम व दगड यांत चिमटून तिला दोन समांतर चिरा पडतात. टायर रिमवर सरकल्यास ट्यूबही त्याबरोबर ओढली जाते व व्हॉल्व्ह तुटतो. हे टाळण्यासाठी काही चाकांत टायरची कड रिमशी आवळून धरणारे रिम लॉक बसवितात. कमी दाबावर डांबरी रस्त्याने वेगात जाणे धोक्याचे असते, कारण टायर तापतो व वाहन वळणावर डोलते. म्हणून कच्ची वाट संपल्यावर हवा पुन्हा भरणे आवश्यक असते.

परभणी जिल्ह्यातील परिस्थिती

परभणी जिल्हा मराठवाड्यात गोदावरीच्या खोऱ्यात असून त्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम हे नऊ तालुके आहेत. जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीने व्यापलेला आहे. नद्यांच्या काठी ही माती खोल आहे. उत्तरेकडील जिंतूरच्या टेकड्या आणि दक्षिणेकडील बालाघाटचे फाटे येथे ती उथळ होऊन मुरूम व खडक उघडा पडतो. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. मे महिन्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. गावांना जोडणारे मुख्य रस्ते डांबरी असले, तरी शेतात जाण्यासाठी पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि गाडवाटा वापराव्या लागतात. त्यांतील अनेकांवर मुरूमही पडलेला नसतो. अशा रस्त्यांच्या मजबुतीकरणासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली.

ओली काळी माती

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या गटातील चिकणखनिजांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्या थरांत पाणी शिरले की माती फुगते आणि सुकली की आकसते. पाऊस सुरू होताच वरचा पातळ थर साबणासारखा निसरडा होतो, तर त्याखालची माती अजून कठीण असते. या अवस्थेत पुरेसे उंच ठोकळे निसरडा थर भेदून खालच्या घट्ट मातीला पकडू शकतात. उथळ नक्षीचे टायर वरच्या थरावरच तरंगतात.

पाऊस लांबला आणि माती खोलवर भिजली की प्रश्न बदलतो. ओली माती चाकाला लपेटत जाते, टायर व मडगार्ड यांमधील जागा भरते आणि शेवटी चाक फिरेनासे होते. येथे अडचण पकडीची राहत नसून जागेची होते. ट्रेल मोटारसायकलीचे पुढचे मडगार्ड चाकापासून बरेच वर असते ते याच कारणासाठी. खाली, टायरलगत बसविलेले मडगार्ड अशा मातीत प्रथम अडते. विरळ ठोकळ्यांचा टायर माती काही प्रमाणात फेकतो, परंतु त्यासाठी चाकाला वेग हवा असतो आणि भिजलेल्या पाणंदीवर तो सुरक्षितपणे मिळत नाही. खोल काळ्या मातीत वरचा चिखल कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचण्याचा अरुंद टायरचा गुणही उपयोगी पडत नाही, कारण तसा थर जवळपास नसतो. म्हणून पूर्ण भिजलेल्या काळ्या मातीत कोणताही टायर खात्रीचा नाही. वाट थोडी वाळेपर्यंत थांबणे किंवा मुरमाच्या रस्त्याने वळसा घेणे हाच उपाय उरतो.

शेतातून डांबरी रस्त्यावर येताना आणखी एक धोका असतो. खाचांत भरलेली माती पहिल्या काही फेऱ्यांत निघत नाही आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेल्या मातीचा थर रस्त्यावरही पसरलेला असतो. त्यावर हलका पाऊस पडल्यास डांबर कच्च्या वाटेइतकेच निसरडे होते. रस्त्यावर चढल्यानंतर काही अंतर सावकाश, अचानक ब्रेक न लावता जाणे आवश्यक असते.

उन्हाळा

मार्चपासून काळी माती सुकून कठीण होते व तिला रुंद भेगा पडतात. पावसाळ्यात उमटलेल्या बैलगाडी व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून घट्ट कडांच्या नाल्यांसारख्या होतात. येथे चिखलाच्या टायरचा लाभ नाही. मोठ्या व्यासाचे पुढचे चाक, ताठ बाजू आणि योग्य दाब यांचा उपयोग अधिक होतो. वाटेवर भुसभुशीत धुळीचा फुफाटा साचलेला असल्यास समतोल नक्षी पुरते.

मुरूम, खडक आणि वाळू

जिंतूर तालुक्यात नेमगिरी व येलदरी धरणाच्या परिसरात, तसेच गंगाखेडच्या डोंगराळ भागात मुरमाड व खडकाळ वाटा आहेत. मुरमाचा पाण्याचा निचरा चांगला होत असल्याने पाऊस थांबल्यावर त्या लवकर वापरण्याजोग्या होतात. सैल मुरमावर मध्यम ठोकळ्यांचा ८०/२० ते ६०/४० टायर पुरेसा असतो. धारदार बेसाल्टवर उंच व मऊ ठोकळ्यांचे तुकडे उडतात. म्हणून तेथे कठीण रबर व मजबूत भिंती हव्यात. गोदावरी व पूर्णा नद्यांच्या पात्रालगतच्या वाळूत कमी दाब, सैल हातांनी धरलेले हँडल आणि स्थिर वेग यांना नक्षीपेक्षा अधिक महत्त्व असते.

काटे आणि धसकटे

बाभूळ व वेडी बाभूळ यांचे काटे शेतवाटांवर पडलेले असतात. कापूस आणि तूर यांची काढणी झाल्यावर शेतात उरलेली धसकटे वाळून अणकुचीदार होतात. उंच ठोकळ्यांचा टायर ठोकळ्याच्या जागी काटा अडवतो, पण खाचेच्या तळाशी रबर पातळच असते. त्यामुळे मातीप्रधान टायर पंक्चर टाळतो असे म्हणता येत नाही. ट्यूब असलेल्या चाकासाठी जादा ट्यूब, पाने आणि हवेचा पंप जवळ ठेवणे उपयुक्त असते. २१ इंची ट्यूब प्रत्येक पंक्चरच्या दुकानात असेलच असे नाही. गरज पडल्यास २१ इंची ट्यूब मागील १७ किंवा १८ इंची टायरमध्ये दुमडून तात्पुरती वापरता येते, म्हणून एकच जादा ट्यूब नेताना पुढच्या चाकाची नेतात.

साध्या मोटारसायकली

ग्रामीण भागात शेतकरी, दूधवाले, शिक्षक व विद्यार्थी या वाटांवरून जातात ते बहुधा १०० ते १२५ सीसीच्या साध्या मोटारसायकलींवर. या वाहनांना १७ किंवा १८ इंची चाके असून ट्रेल मोटारसायकलींचे टायर त्यांच्या रिमवर बसत नाहीत किंवा फाट्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी मूळ मापातच ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर मिळतात. पुढे रिब नक्षीऐवजी ठोकळ्यांची नक्षी आणि मागे खोल खाचांचा टायर हा त्यांच्यासाठी सर्वांत कमी खर्चाचा बदल असतो. पुढच्या चाकाची पकड सुटली तर चालक सावरण्यापूर्वीच पडतो. मागचे चाक घसरले तर बहुधा सावरता येते. म्हणून फक्त मागचा टायर बदलून पुढचा गुळगुळीत झालेला तसाच ठेवणे ही चुकीची काटकसर होय.

निवडीची पद्धत

निवड करताना पुढील क्रम उपयोगी पडतो.

* वर्षभरातील एकूण अंतरापैकी कच्च्या वाटेवर किती जाते याचा प्रामाणिक अंदाज करावा. रोज ४० किलोमीटर डांबर आणि २ किलोमीटर पाणंद असेल तर कच्चा वापर पाच टक्क्यांहून कमी आहे.
* त्या छोट्या अंतराचे स्वरूप पाहावे. ते टाळता येत नसेल व पावसाळ्यातही ओलांडावे लागत असेल, तर केवळ टक्केवारीवर न जाता एक पायरी अधिक खोल नक्षी घेणे योग्य ठरते.
* माप, भारांक व वेगाचे अक्षर वाहन-पुस्तिकेशी जुळवावे. मोटारसायकल २०० किलोग्रॅम, दोन व्यक्ती १४० किलोग्रॅम आणि सामान ३० किलोग्रॅम असल्यास एकूण ३७० किलोग्रॅम होतात. त्याचा सुमारे ६० टक्के भाग, म्हणजे २२२ किलोग्रॅम, मागील टायरवर येतो. त्यासाठी ५४ भारांकाचा टायर अपुरा व ६० चा पुरेसा असतो.
* पुढचा व मागचा टायर शक्यतो एकाच मालिकेतील घ्यावा. दोन्हींत फरक करायचाच असल्यास पुढच्या टायरची पकड मागच्याहून कमी नसावी.
* उत्पादनाचा आठवडा व वर्ष तपासावे. उन्हात पडून राहिलेल्या टायरचे रबर न वापरताही कठीण होते व त्याला बारीक चिरा पडतात.

वर्षात दोनदा टायर बदलणे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी समतोल व दिवाळीनंतर डांबरप्रधान टायर बसविणे, हाही एक मार्ग आहे. काढलेले टायर सावलीत ठेवल्यास दोन्ही जोड अधिक काळ टिकतात; मात्र सुरुवातीचा खर्च दुप्पट होतो.

देखभाल आणि कायदा

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले १०० ते १५० किलोमीटर मध्यम वेगाने व फार न झुकता चालविल्यास तो खडबडीत होऊन पूर्ण पकड देऊ लागतो. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये तो वाढलेला असतो. बाणाची दिशा पाहूनच टायर बसवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असणे आवश्यक आहे. खाचांमध्ये ठरावीक उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीवर आली की टायर बदलण्याची वेळ झालेली असते. ही कायदेशीर मर्यादा पक्क्या रस्त्याचा विचार करून समजून घ्यावी लागते. चिखलातील पकड त्याच्या कितीतरी आधीच संपलेली असते.

चाके अडखळू न देणारी एबीएस यंत्रणा भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एप्रिल २०१९ पासून बंधनकारक आहे. सैल मातीत ती थांबण्याचे अंतर वाढवू शकते, म्हणून काही ट्रेल व ॲडव्हेंचर मोटारसायकलींत मागील चाकापुरती ती बंद करण्याची सोय असते. डांबरावर परतल्यावर ती पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. एबीएस झिजलेल्या टायरची उणीव भरून काढत नाही.

गैरसमज

* रुंद टायर नेहमी अधिक पकड देतो: कोरड्या डांबरावर हे काही अंशी खरे असले, तरी पातळ चिखलात अरुंद टायर तळाशी लवकर पोहोचतो आणि चिकट मातीत रुंद टायर फाट्यात लवकर अडकतो.
* हवा कमी केली की चिखलातून निघता येते: वाळूत हे बहुधा खरे ठरते. चिकट काळ्या मातीत चाक अडण्याचे कारण साचलेली माती असल्याने दाब कमी करून फारसा उपयोग होत नाही.
* बटन टायर सर्वत्र सुरक्षित असतो: ओल्या डांबरावर त्याचे टेकणारे क्षेत्र कमी असल्याने थांबण्यास अधिक अंतर लागते.

हेही पहा

* टायर
* मोटारसायकल
* काळी मृदा
* परभणी जिल्हा
* डाकार रॅली